विचारणं, मागणं आणि यमुना

यमुने, तू पोळ्यानंतर गेलीस आणि आता दिवाळी तोंडावर आली. गेलेल्या माणसाला सारख्या हाका मारू नयेत, त्याचा पाय अडकतो, असं इथल्या बायका मला सांगतात. तुझा पाय अडकेल असं मला वाटत नाही. भर पावसाळ्यात मेहकरहून डोणगावपर्यंत गुडघाभर चिखलातून चालत आलेली बाई तू. म्हणून मी बोलणार आहे. आपला एक वाद अर्धा राहिलाय, आणि तुझ्यावरचा माझा राग मला अजून काढताच आलेला नाही.

खामगावच्या आमच्या शाळेत तुझ्यासाठी सभा झाली. मोठ्या बाईंनी मला चार शब्द लिहून आणायला सांगितलं होतं. मी लिहिलं की तू शांत, मनमिळाऊ आणि आज्ञाधारक होतीस. मग ते वाचून पाहिलं आणि फाडून टाकलं. मनमिळाऊ तू नव्हतीस. आज्ञाधारक तर मुळीच नव्हतीस. आणि तुला गप्प झालेली मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिली. सभेत मी उभी राहिले आणि एवढंच म्हणाले की यमुनेला इंग्रजीतला एक शब्द फार जवळचा होता. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी खाली बसले. तिथे जे जमलं नाही ते इथे लिहिते.

अमरावतीची ती खोली तुला आठवत असेल. बायकांच्या ट्रेनिंग शाळेत आपण जवळजवळ सगळ्याच विधवा होतो. दुसऱ्या बायकांना घरातून कोण सोडणार होतं? मी बुलढाण्याच्या कचेरीतल्या कारकुनाची मुलगी, तू डोणगावच्या माळ्याची. मी ट्रंक घेऊन आले होते, तू वांग्यांची आणि हिरव्या मिरच्यांची टोपली घेऊन आलीस आणि पहिल्याच दिवशी सगळ्या वसतिगृहाला भरीत करून घातलंस. तू शाळेला शाया म्हणायचीस आणि मला कमळऐवजी कमये. पुण्याकडून आलेल्या आपल्या बाई तुला उभं करून शाळा, शाळा असं म्हणून घ्यायच्या. तू ते अगदी स्वच्छ म्हणून दाखवायचीस, खाली बसायचीस आणि माझ्या कानात पुन्हा शाया म्हणायचीस.

इंग्रजी आपल्या अभ्यासात नव्हतं. मला ते बाबांनी शिकवलेलं होतं आणि तुला माझ्याकडून हवं होतं. कशाला, असं मी विचारलं तेव्हा तू तुझ्या अंगठ्याची गोष्ट सांगितलीस. नवरा तापाने गेला, त्याचं सुतक फिटायच्या आत सासऱ्याने एक कागद पुढे केला आणि म्हणाला, पोरी, इथे अंगठा कर. तू केलास. कागदात काय आहे ते तुला कुणी सांगितलं नाही आणि तूही विचारलं नाहीस. त्या कागदाने तुझा देऊळगाव राजा इथल्या शेतातला वाटा गेला आणि महिन्याभरात तुला माहेरी आणून सोडलं. शेताचं तुला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. कागदात काय हाय एवढं विचाराची बी अक्कल नव्हती मले, हे तू दोनदा म्हणालीस. आता ज्या ज्या भाषेत कागद येतो ती ती भाषा शिकायची, असा तुझा हिशेब होता.

मग एके दिवशी आपण आस्क या शब्दापाशी आलो. पुस्तकात एका ओळीत मुलगा वाटसरूला रस्ता विचारत होता आणि दुसऱ्या ओळीत आईला पाणी मागत होता, आणि दोन्हीकडे शब्द तोच होता. मी पुढे जायला निघाले तर तू पानावर हात ठेवलास.

"कमये, विचारनं अन् मागनं हे दोन्ही एकच कसं काय?"

मी सांगितलं की मागायचं असेल तर पुढे फॉर लावतात. तेवढ्याने तुझं समाधान झालं नाही. आपल्याकडे प्रश्न विचारणारा वेगळा आणि हात पुढे करणारा वेगळा. विचारणारा ताठ उभा राहतो, मागणारा वाकतो. त्यांच्याकडे दोघं एकाच शब्दात कसे उभे राहतात, हे तुला समजून घ्यायचं होतं. सासरी तुला कुणी काही विचारलं नव्हतं आणि तू कधी काही मागितलं नव्हतंस. एवढा लहान शब्द, आणि त्यातली दोन्ही कामं तुझी राहून गेलेली, असं तू म्हणालीस. पुढे कितीतरी दिवस तू त्या शब्दाशी खेळत होतीस. जेवताना मीठ मागताना आस्क, पाळी कुणाची म्हणून विचारताना आस्क.

तुझी हौस बघून मी तुला त्याचे भाऊबंद सांगितले. बाबा घरी कचेरीचे मसुदे आणायचे, त्यांतून मला ते तोंडपाठ होते. रिक्वेस्ट म्हणजे विनंती करणं. प्रे म्हणजे प्रार्थना, पण अर्जातही चालते. इन्क्वायर म्हणजे चौकशी, ती साहेब करतो. डिमांड म्हणजे हक्काने मागणं. आणि बेग. बेग म्हणजे याचना, भीक मागणं. पण अर्जाची सुरुवात बहुधा याच शब्दाने होते, आय बेग टु स्टेट, म्हणजे कळवण्याची परवानगी असावी. तू मला थांबवलंस. डिमांड हा शब्द तुला ठाऊक होता. जमाबंदीच्या वेळी तलाठ्याच्या तोंडून तू तो ऐकला होतास.

"सरकार डिमांड करते, रयत बेग करते," तू म्हणालीस. "मंग हा आस्क कोनाचा व्हय?"

मला हसू आलं. तू हसली नव्हतीस. मग तू विचारलंस की माझे बाबा रोज साहेबाजवळ भीक मागतात का, आणि आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हणाले ती नुसती रीत आहे, त्या शब्दाचा अर्थ आता कुणी मनात आणत नाही. आपण पत्राखाली आज्ञाधारक लिहितो म्हणून काय प्रत्येकाची आज्ञा पाळतो? तू म्हणालीस, लिहिणाऱ्याच्या मनात अर्थ राहत नसेल, पण लिहून घेणाऱ्याच्या मनात तो राहतो. दोन दिवस आपण एकमेकींशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू माझ्या ताटात तुझ्या वाटची भाकरी टाकलीस आणि पुढचं पान काढ म्हणालीस.

परीक्षा झाल्यावर मास्तरीण म्हणून मला खामगाव मिळालं, तुला तुझंच गाव. डोणगावची मुलींची शाळा म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक खोली, समोर लिंबाचं झाड आणि पटावर माळ्यांच्या आणि कुणब्यांच्या घरच्या पोरी. सुट्टीत मी आले की बघायचे, तू त्यांना शाळा म्हणायला शिकवत होतीस आणि त्यांच्याशी बोलताना शायाच म्हणत होतीस. पोरी तुला भीत नव्हत्या. बाई, असं काऊन, बाई, तसं काऊन, असं त्यांचं दिवसभर विचारणं चालायचं आणि तू एकीलाही गप्प बसवत नव्हतीस. मी तुला म्हणाले होते, अशाने वर्गाला शिस्त राहत नाही. तू म्हणालीस, शिस्त त्याइले घरी लय हाय.

कापूस वेचायला लागला की मात्र खोली रिकामी व्हायची. पोरी आयांच्या बरोबर शेतात जायच्या. एका वर्षी वरच्या कचेरीतून हुकूम आला की हजेरी फार कमी, सबब मुलींची शाळा बंद करून मुलींनी मुलांच्या शाळेत बसावं. कागदावर ते सरळ दिसत होतं. गावात त्याचा अर्थ एवढाच होता की पोरी घरी बसणार.

तो हुकूम घेऊन तू मोटारीने खामगावला आलीस. माझ्या खोलीसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली होती आणि सरकी काढणाऱ्या जिनाच्या यंत्रांच्या आवाजात आपल्याला ओरडून बोलावं लागत होतं. मराठीतला अर्ज कारकुनांच्या गठ्ठ्यात पडून राहतो, इंग्रजी अर्ज साहेबाच्या टेबलावर जातो, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. मी बसले आणि बाबांच्या वळणाचा सुरेख मसुदा केला. खाली सही करणाऱ्या गरीब बायका अत्यंत नम्रपणे याचना करतात की, अशी त्याची सुरुवात होती. तू तो मला मराठीत सांगायला लावलास. मग बेग या शब्दावर काट मारलीस आणि त्यावर आस्क लिहिलंस. नम्रपणे काढलंस. गरीबही काढलंस आणि तिथे मुलींच्या आया असं लिहायला लावलंस.

मी तुला नाना तऱ्हेने समजावलं. नम्रतेला काही खर्च पडत नाही, काम झाल्याशी कारण, साहेबाला हे उद्धट वाटेल आणि तो कागद बाजूला टाकेल. निदान रिक्वेस्ट घाल, असंही म्हणून पाहिलं. तेव्हा तू जे बोललीस ते मला शब्दशः आठवतं.

"त्यानं टाकला तं टाकू दे. पन अंगठा कराच्या आंधी बायाइले मी हे वाचून दाखवनार हावो. त्याइले काय सांगू? तुमी भीक मागून राह्यल्या, असं सांगू?"

 मी अर्ज स्वच्छ लिहून दिला. तू गावात गेलीस, देवळापुढे बायका जमवल्या, एकेक ओळ वाचून तिचा अर्थ सांगितलास आणि अंगठे घेतलेस.

आणि मी म्हणाले तेच झालं. अर्ज परत आला. नुसता परत आला असता तर चाललं असतं. त्यावर शेरा होता की अर्जाची भाषा खेड्यातल्या बायकांची वाटत नाही, मजकूर न सांगता अंगठे घेतले असावेत असा संशय येतो, मास्तरणीने मेहकरच्या कॅम्पवर हजर राहून खुलासा करावा, नाहीतर नोकरीवरून दूर करण्यात येईल. ज्या बाईचा अंगठा न सांगता घेतला गेला होता तिच्यावरच हा आळ यावा! मी सुट्टी काढून आले. तुझा भाऊ संपत डोक्याला हात लावून ओट्यावर बसला होता. तू चुलीपुढे भाकऱ्या थापत होतीस. उद्याच्यासाठी बांधून घ्यायच्या होत्या, कारण बायकाही येणार होत्या. तू त्यांना बोलावलं होतंस का, असं मी विचारलं. तू म्हणालीस, मी फक्त काय झालं ते सांगितलं, मंग त्याइनंच बैलबंड्या जुंपाले लावल्या.

मेहकरला साहेब उतरला होता त्या बंगल्यापुढे आंब्याखाली बायका बसल्या होत्या. साहेब गोरा नव्हे, आपल्याच लोकांतला, नागपूरकडचा, चष्मा लावलेला आणि कंटाळलेला. त्याने तुला व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं, तोंड भिंतीकडे करून, म्हणजे तुला खुणा करता येऊ नयेत. मला तर खालीच थांबवलं. मग त्याने तुझ्या गोदाकाकूला वर बोलावलं. उभा जन्म शेतात गेलेली ती म्हातारी. लुगड्याचा पदर डोक्यावर घट्ट ओढून ती उभी राहिली. साहेबाने कागद हातात धरून विचारलं, यात काय लिहिलं आहे? मी खालून तुझी पाठ बघत होते. तू हलली नाहीस.

"आमच्या पोरीइची शाया राहू द्या, असं मागतलं आमी," गोदाकाकू म्हणाली. "बाईनं वाचून दाखवलं. मी इचारलं, हे भीक मागाचं हाय का? भीक असंल तं मी अंगठा करत नाई. बाई म्हने, नाई काकू, मागनं हाय. मंग केला."

साहेबाने कागदाकडे पाहिलं. मग त्याने आणखी बायकांना बोलावलं, आणि प्रत्येकीने आपापल्या शब्दांत तेच सांगितलं. एकीने तर त्यालाच विचारलं की तुमच्या पोरी कोणत्या शाळेत जातात. तो हसला नाही, रागावलाही नाही, म्हणाला, नागपूरला.  माझा नम्र मसुदा तिथे असता आणि तू तो खरा खरा वाचून दाखवला असतास, तर गोदाकाकूने अंगठाच केला नसता. आणि खोटं वाचून दाखवणं तुला जमलं नसतं.

आळ त्याने खोडून टाकला. शाळेबद्दल मात्र अर्धाच हुकूम दिला: पुढच्या वेचणीच्या दिवसांत निम्म्यावर पोरी हजर राहिल्या तर शाळा राहील, नाहीतर जाईल. परत येताना बंडीत बायका गाणी म्हणत होत्या. मी तुला म्हणाले की साहेब भला निघाला म्हणून निभावलं, दुसरा असता तर आज तुझी नोकरी गेली होती. तू म्हणालीस, हो, गेली असती. एवढंच. मला अजून वाटतं की मी बरोबर होते. तूही बरोबर होतीस. एकाच बंडीत दोन बरोबर माणसं बसलेली असली की रस्ता फार लांब होतो.

त्या वेचणीच्या हंगामात तू काय केलंस ते मला संपतने आणि पोरींनी सांगितलं. तू स्वतः कधी बोलली नाहीस. सकाळच्या पहिल्या उन्हापासून दुपारपर्यंत शाळा, मग पोरींनी शेतात जावं, असं तू ठरवलंस आणि घरोघर फिरलीस. आया कबूल होत्या. पण बहुतेक जणी ज्याच्या शेतात वेचायला जात तो मोठा शेतकरी ऐकेना. त्याच्या बैठकीत माणसं बसली होती. तो तुला म्हणाला, पदर पसर, मग बघू. तू पदर खोचलास आणि म्हणालीस, पदरात मले काई नको, पोरी शायेत पायजेत. त्याने नाही म्हटलं. तू तिथून उठलीस ती मागच्या दाराने त्याच्या बायकोकडे गेलीस. तिचीही एक मुलगी होती, आठ वर्षांची, आणि ती कोणत्याच शाळेत जात नव्हती. तू तिला काय म्हणालीस ते कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी नवं परकर पोलकं घालून लिंबाखाली उभी होती. मालकाचीच पोर शाळेत बसल्यावर तो मजुरांच्या पोरींना कसा अडवणार? शाळा राहिली. त्या साली राहिली आणि नंतरही राहिली.

आता आपल्या वादाचं. या उन्हाळ्यात तू खामगावला आली होतीस. बाबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. आपण गच्चीवर पापड घालत होतो आणि कशावरून तरी गाडी पुन्हा त्याच शब्दांवर आली. तू म्हणालीस, तुह्या बाबानं जिंदगीभर बेग लिहिलं, त्याइले काय भेटलं? तू वाईट मनाने बोलली नव्हतीस, तरी मला लागलं. मी तुला सांगितलं की त्यांना मी मिळाले. मी विधवा झाले तेव्हा माझ्या सासरचे मला सोडायला तयार नव्हते, आमच्या आळीत कुणी बाबांशी बोलत नव्हतं आणि ट्रेनिंग शाळेतल्या जागा भरून गेल्या होत्या. तेव्हा त्या माणसाने ज्या ज्या साहेबाची ओळख होती त्या त्या साहेबाकडे अर्ज लिहिला. रीत म्हणून नव्हे. त्या वेळी त्यांनी खरोखरच भीक मागितली. डोक्यावरची टोपी हातात घेऊन ते साहेबाच्या दारात उभे राहिलेले मी पाहिले आहेत. आस्क लिहिण्याइतकं बळ त्यांच्याजवळ नव्हतं, यमुने. आपल्या पोरीसाठी वाकायला मात्र त्यांना लाज वाटली नाही. तो बेग नसता तर मी अमरावतीला आले नसते, आणि तुला इंग्रजीतला तो शब्द दुसऱ्या कुणीतरी शिकवला असता किंवा कुणीच नाही.

तेव्हा तू गप्प झालीस. तुला तशी पाहिली ती तेव्हाच. पापडाची लाटी हातात तशीच होती. बऱ्याच वेळाने तू म्हणालीस की याचं उत्तर पुढच्या खेपेला देईन. तुझ्याजवळ उत्तर होतं की नव्हतं, मला कळलं नाही. मी खरंच वाट बघत होते. पोळ्याच्या सुट्टीत येशील म्हणून तुझ्या आवडीची शेवई करून ठेवली होती.

तू आली नाहीस, पोळा उलटल्यावर संपत आला. दारात उभा राहिला आणि आत येईना, तेव्हाच मी ओळखलं. ताप तुझ्या अंगात कितीतरी दिवस होता. मुदतीचा ताप. मेहकरचा डॉक्टर एकदा येऊन गेला. संपत म्हणत होता की कमळबाईला आणायला जातो, आणि तू त्याला जाऊ दिलं नाहीस. तिच्या पोरींची परीक्षा आहे, मधात कशाला, असं म्हणालीस. माझा राग हाच आहे. गावासाठी तू मागितलंस, पोरींसाठी मागितलंस, साहेबापुढे आणि मालकापुढे मागितलंस. मला एकदा ये म्हणून सांगणं तुला जड गेलं? परीक्षा दुसऱ्या कुणी घेतली असती. मी तुझ्या उशाशी बसले असते, कपाळावर पाण्याची पट्टी ठेवली असती, एवढंच माझ्या हातात होतं आणि तेही तू मला करू दिलं नाहीस. संपतवर मी रागावले, त्याच्यासमोर रडले, मग त्याला जेवायला वाढलं. तो बिचारा जेवला.

आणि तरी, राग येतो त्याच श्वासात मला हेही आठवतं की माझ्या आयुष्यात मला खरंखुरं काही विचारणारं माणूस एकच होतं. आमच्याकडे सगळे मला सांगायचे. तू विचारायचीस. तुले काय वाटते, तुले काय पायजे, तू खुश हायेस का वं. या प्रश्नांना काय उत्तर द्यायचं हे मला पहिल्यांदा कळायचंही नाही. तुझ्यामुळे मी ते शिकले. हे तुला सांगायचं राहून गेलं.

तेराव्याला मी डोणगावला आले तेव्हा शाळेला कुलूप होतं. शिकलेली दुसरी बाई मिळेपर्यंत शाळा बंद, असं वरून आलं होतं. अशी बाई कुठून मिळणार? खामगावात आगगाडी आहे, दवाखाना आहे, नळ आहेत. तिथली कोण इकडे येईल? गोदाकाकू कुलपापुढे बसलेली होती. तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं. मी परत खामगावला गेले आणि बदलीचा अर्ज केला. मोठ्या बाई म्हणाल्या, वेड लागलंय तुम्हाला. बुलढाण्याहून माझा भाऊ आला आणि म्हणाला, मैत्रिणीच्या दुःखात माणूस असं काहीतरी करून बसतं, वर्षभर थांब. मी त्याला म्हणाले की वर्षभराने पोरी कुठल्या कुठे गेलेल्या असतील. मग मी ट्रंक भरली.

नेमणूक तात्पुरतीच दिली आहे. ती कायम करून घेणं हे माझं काम आहे, ते मी करीन. तुझ्या घराच्या ओसरीवर संपतने मला जागा दिली आहे. विहीर लांब आहे, पाणी आणताना माझी कंबर धरते. पोरी माझ्या बोलण्याला हसतात, मी फार पुस्तकी बोलते म्हणून. हसू देत. कपाशीची बोंडं फुटायला लागली आहेत आणि पट अर्ध्यावर आला आहे.

म्हणून आज मी घरोघर निघाले. पहिलं घर गावाच्या कडेचं, शेवंता नावाच्या मुलीचं. तिची आई दारातच होती. मी कोण ते तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "आमची बाई गेली. आता कोनाच्या भरवशावर धाडू पोरीले?"

"माझ्या," मी म्हणाले.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत निघून गेली. मी ओट्यावर बसले. आत तिने भांडी घासली, शेण टाकलं, कोंबड्या हाकलल्या. मी उठले नाही. ऊन ओट्यावर आलं, मी थोडी सरकून पुन्हा बसले. शेवटी ती बाहेर आली ती शेवंताचा हात धरून. पोरीच्या केसांना तेल लावून वेणी घातलेली होती आणि तोंड धुतलेलं होतं. सांजच्याले घरी आनून सोडा लागीन, असं ती मला म्हणाली. मी म्हणाले, सोडीन.

पोरगी पुढे पुढे चालत होती. पलीकडच्या घरापाशी आलो तर दार लावलेलं. मी थांबले, डोक्यावरचा पदर सारखा केला, आत काय म्हणावं याचा विचार करत राहिले. तेवढ्यात शेवंताने कडी वाजवली.